गणिताचा शोध लागतो की लावावा लागतो?

हा प्रश्न मराठीत नीट विचारताच येत नाही, पहिली गोची तिथेच आहे. शाळेत जनरल नॉलेजच्या पुस्तकात एकाच पानावर गुरुत्वाकर्षणाचा शोध कोणी लावला आणि टेलिफोनचा शोध कोणी लावला असे दोन्ही प्रश्न असायचे आणि कुणालाच त्यात काही खटकायचं नाही. आता बघा, गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधीही होतंच, फळं काही झाडाखाली तरंगत राहत नव्हती. टेलिफोन मात्र बेलच्या आधी कुठल्या डोंगराच्या कपारीत पडून नव्हता, तो कुणीतरी तारा जोडून, डोकं खाजवून बनवला. एक गोष्ट सापडली, दुसरी घडवली, आणि आपण दोन्हीला शोधच म्हणतो.

तर मी इथे सरळ सापडलं आणि बनवलं असे दोन शब्द वापरणारे, शोध हा शब्द बाजूला ठेवू. प्रश्न असा की गणित सापडलंय की बनवलंय? मूळ संख्या माणूस नसता तरी असत्या का? शून्य होतं आणि आपल्याला दिसलं, की कुणीतरी ते बनवलं?

यावर प्लेटोपासून भांडण चालू आहे. एक पार्टी म्हणते की संख्या, वर्तुळं वगैरे आपल्याशिवायही आहेत, आपण फक्त जाऊन बघतो. दुसरी म्हणते की काहीतरीच काय, हा माणसाने मांडलेला खेळ आहे, नियम आपले, सोंगट्या आपल्या. मी आधी पहिल्या पार्टीत होतो, मग काही वर्षं दुसऱ्या, आणि आता मला वाटतं की दोन्ही पार्ट्या गणित म्हणजे एकच एक वस्तू असल्यासारखं बोलतात आणि तिथेच गडबड होते. त्यात नियम असतात, नियमांतून निघणाऱ्या गोष्टी असतात आणि वर बाहेरच्या जगाशी त्याचं जमणं असतं, आणि या तिन्हींचं उत्तर एकच यायला पाहिजे असं कुणी सांगितलंय?

उदाहरण घेऊ, नाहीतर हे सगळं हवेत जाईल. बुद्धिबळाचा पट, ६४ घरं. हा खेळ माणसाने बनवलाय याबद्दल दुमत नसावं, घोड्याने अडीच घरं चालावं हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही. आता पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाका, वरचा डावा आणि खालचा उजवा. उरली ६२ घरं. आणि तुमच्याकडे ३१ पट्ट्या आहेत, प्रत्येक पट्टी शेजारशेजारची दोन घरं बरोब्बर झाकते. ३१ दुणे ६२, हिशोब जुळतो. बसवा बघू.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहीच्या पानावर चौकटी आखून पाऊण तास घालवला होता, आणि दर वेळी शेवटी दोन घरं उरायची, एकमेकांपासून लांब, आणि दर वेळी वाटायचं की मधे कुठेतरी एक पट्टी उभीच्या ऐवजी आडवी टाकली असती तर जमलं असतं. नसतं जमलं. कारण समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात, समजा दोन्ही पांढरे, म्हणजे ते कापल्यावर पटावर ३२ काळी आणि ३० पांढरी घरं उरली. पट्टी कशीही टाका, ती एक काळं आणि एक पांढरं घर झाकणारच, म्हणजे ३१ पट्ट्यांना ३१ काळी आणि ३१ पांढरी लागतात. झालं. आता कितीही हुशार माणूस आणा, कितीही मोठा कॉम्प्युटर आणा, ते होणार नाही.

पट माणसाचा, पट्ट्या माणसाच्या, कोपरे कापायची आयडिया माणसाची. पण हे होणार नाही ही गोष्ट कुणी बनवली? कुणीच नाही, त्यावर कुणाला मत विचारलं नव्हतं. आणि माझ्या वहीत तर चौकटींना रंगही नव्हते हो, साध्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, तरी ते अडलंच. रंग हा फक्त आपल्याला कारण दिसावं म्हणून लावलेला चष्मा, अडचण बिनरंगी पटावरही तितकीच होती.

म्हणून बरेच लोक इथे येऊन सेटलमेंट करून टाकतात की नियम बनवलेले असतात आणि परिणाम सापडलेले असतात, विषय संपला. मीही बरीच वर्षं हेच उत्तर देऊन मोकळा व्हायचो. पण यात एक गोष्ट गृहीत धरलीये की नियम बनवताना आपण मोकळे असतो, वाटेल ते ठरवू शकतो, आणि खरा मामला तिथेच आहे.

काही बाबतीत आपण खरंच मोकळे असतो. १ ही मूळ संख्या आहे का? आज शाळेत नाही म्हणून शिकवतात आणि हो लिहिलं की मार्क जातो. पण लेहमर नावाच्या गणितज्ञाने १९१४ मध्ये मूळ संख्यांची एक कोटीच्या पुढे जाणारी जाडजूड यादी छापली तिची सुरुवातच १ पासून आहे. त्याची चूक झाली होती का? तर नाही, तेव्हा बरेच जण तसं मानायचे. नंतर लोकांच्या लक्षात आलं की १ ला आत घेतलं की जिकडेतिकडे एक सोडून एक सोडून असं शेपूट लावावं लागतं. म्हणजे १२ चे मूळ अवयव २, २ आणि ३, आणि हे एकाच पद्धतीने होतं असं आपण म्हणतो ना, पण १ ला मूळ मानलं तर १×२×२×३ पण चालेल आणि १×१×२×२×३ पण, मग एकाच पद्धतीने कसलं. म्हणून सगळ्यांनी मिळून १ ला बाहेर काढलं. हा निव्वळ सोयीचा निर्णय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतात तसा. पण त्याच वेळी हेही बघा की १३ खडे घेतले तर ते समान ओळींच्या चौकटीत मांडता येत नाहीत, एक लांब रेघ तेवढी होते, आणि हे कुठल्या मीटिंगमध्ये ठरलेलं नाही. शब्द कुठे लावायचा हे आपल्या हातात होतं, खडे कसे बसतील हे नव्हतं.

आता जरा अवघड केस. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. हे शाळेत पाठ करून घेतात आणि आयुष्यभर तो कुणाचा तरी हुकूम वाटत राहतो. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये हे नियम व्यवस्थित लिहून ठेवलेत, धन म्हणजे आपल्याकडचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज, दोन ऋणांचा गुणाकार धन, शून्यासकट सगळं. वाटतं की चला, बसून ठरवलं. त्याला उलटं ठरवता आलं असतं का, की ऋण गुणिले ऋण बरोबर ऋण? करून बघू. २ आणि −२ मिळून शून्य, आणि −३ गुणिले शून्य म्हणजे शून्यच. आता तेच कंस सोडवून करा, −३ गुणिले २ म्हणजे −६, आणि त्यात −३ गुणिले −२ मिळवायचेत, आणि एकूण शून्य यायला हवं. मग तो दुसरा तुकडा +६ असल्याशिवाय शून्य येणार कसं? −६ घेतला तर बेरीज −१२ होते. म्हणजे कंस सोडवायचा साधा रूल तुम्हाला पुढेही हवा असेल तर इथे चॉइस नाहीये, ऋण संख्या आपण आणल्या हे खरं, पण त्या घरात आल्यावर कशा वागतील हे आधीच्या संख्यांनी ठरवून टाकलं होतं.

शून्याने भागण्याची गोष्ट तर अजून मजेशीर. ब्रह्मगुप्ताने लिहिलं की शून्य भागिले शून्य बरोबर शून्य. पुढे १२ व्या शतकात भास्कराचार्यांनी एखाद्या संख्येला शून्याने भागलं की जे येतं त्याला खहर म्हटलं आणि ते अनंत मानलं. आज आपण म्हणतो की भागायचंच नाही. म्हणजे तीन उत्तरं, तिन्ही माणसांची. का भागायचं नाही? समजा १ भागिले ० ला काहीतरी उत्तर आहे, त्याला ढ म्हणू. भागाकार गुणाकाराच्या उलटा असतो, म्हणजे ढ गुणिले ० बरोबर १ यायला हवं, पण कशालाही शून्याने गुणलं की शून्यच, म्हणजे १ बरोबर ०, आणि एकदा हे मान्य केलं की सगळ्याच संख्या सारख्या होतात, दुकान बंद. पण गंमत म्हणजे आजकाल गणिताची प्रूफं तपासणारे जे प्रोग्रॅम आहेत, लीन वगैरे, त्यांच्यात कुठल्याही संख्येला शून्याने भागलं तर उत्तर ० असं सरळ ठरवून टाकलंय आणि काहीही कोसळलेलं नाही! कारण त्यांनी त्या एका जागी भागाकार गुणाकाराच्या उलटा असतो हा हट्ट सोडलाय. म्हणजे ब्रह्मगुप्ताचं शून्य भागिले शून्य आज कॉम्प्युटरमध्ये सुखाने नांदतंय. तर मोकळीक आहे, पण फुकट नाही, काहीतरी द्यावं लागतं, आणि काय द्यावं लागेल याचं दरपत्रक आपण छापलेलं नाही. हा दरपत्रकाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

ऋण संख्येच्या वर्गमुळाचं पण तसंच झालं. इटलीत कार्दानोने १५४५ मध्ये एक गणित मांडलं, १० चे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार ४० येईल. साध्या संख्यांत होत नाही, ५ आणि ५ घेतले तरी गुणाकार २५ वरच थांबतो. त्याने ५+√−१५ आणि ५−√−१५ असं उत्तर लिहिलं आणि वर म्हणून ठेवलं की हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी. इथवर तो खेळच होता, १०० टक्के बनवलेला. मग १५७२ मध्ये बोंबेल्लीने हे समीकरण घेतलं, क्षचा घन = १५क्ष + ४. याचं उत्तर ४ आहे हे नुसतं बघूनही कळतं, ४ चा घन ६४ आणि १५ चोक ६० अधिक ४ पण ६४. पण या प्रकारच्या समीकरणांचा जो फॉर्म्युला होता तो लावला तर मधे √−१२१ येतं, म्हणजे जे नसतंच म्हणायचे ते. बोंबेल्लीने दात-ओठ खाऊन तसंच पुढे रेटलं आणि त्याला दिसलं की २+√−१ चा घन केला तर २+११√−१ येतो, म्हणजे फॉर्म्युल्यातल्या दोन तुकड्यांची घनमुळं २+√−१ आणि २−√−१ निघाली, दोघांची बेरीज केली, न आवडणारा भाग उडाला आणि उरलं ४.

हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. उत्तर साधं, प्रश्न साधा, आणि रस्ता मात्र अशा गावातून जातो जे आपण स्वतः काल्पनिक म्हणून नाव देऊन ठेवलंय. बरं नुसतं जातो असं नाही, घनाच्या ज्या समीकरणांना तीन वेगळी खरी उत्तरं असतात पण वरच्या ४ सारखं एकही साधं पूर्णांक-अपूर्णांकात येत नाही, त्यांना घनमुळं-वर्गमुळं वापरून सोडवायचं तर या गावाला वळसा घालून दुसरा रस्ताच नाही, हे पुढे सिद्ध झालं. पुढे १९२६ मध्ये श्रोडिंगरने अणूच्या आतल्या कारभाराचं समीकरण लिहिलं, तिथे √−१ अगदी सुरुवातीलाच बसलेला.

पण ज्या एका किश्श्याने मला दुसऱ्या पार्टीतून बाहेर काढलं तो हॅमिल्टनचा. विल्यम हॅमिल्टन, डब्लिनचा. झालं असं की √−१ वापरून केलेल्या संख्या, म्हणजे दोन आकड्यांची जोडी, सपाट कागदावर फिरवाफिरवी करायला एकदम मस्त चालतात. मग याच्या डोक्यात आलं की आपलं जग तर तीन मितींचं आहे, तर तीन आकड्यांच्या संख्या बनवू, ज्यांची बेरीज, गुणाकार, भागाकार सगळं नीट होईल. वर्षानुवर्षं लागला मागे. त्यानेच पुढे लिहिलंय की सकाळी नाश्त्याला खाली आलं की पोरं विचारायची, बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? आणि तो मान हलवून म्हणायचा की नाही, बेरीज-वजाबाकीच येते.

का येत नव्हतं ते तीन ओळींत दाखवता येतं, थोडा धीर धरा. √−१ ला आय म्हणू आणि तिसऱ्या दिशेला जे, दोघांचाही वर्ग −१. आता आय गुणिले जे काहीतरी येणार, आणि आपल्याकडे तीनच दिशा आहेत, म्हणून ते प + फ×आय + ब×जे असंच काहीतरी असणार, इथे प, फ, ब हे साधे आकडे. दोन्ही बाजूंना डावीकडून अजून एकदा आयने गुणा. डावीकडे आय×आय×जे म्हणजे −जे. उजवीकडे प×आय − फ + ब×(आय×जे), आणि कंसाच्या जागी परत तेच प + फ×आय + ब×जे टाका. आता फक्त जे किती वेळा आलाय ते मोजा, डावीकडे −१ वेळा, उजवीकडे ब गुणिले ब वेळा. म्हणजे बचा वर्ग −१. आणि ब तर साधा आकडा होता! खलास.

म्हणजे हॅमिल्टनला जे बनवायचं होतं ते बनतच नव्हतं. तो हुशार नव्हता म्हणून नाही, ते नव्हतंच. शेवटी १६ ऑक्टोबर १८४३ ला बायकोबरोबर कालव्याच्या काठाने चालत असताना त्याला सुचलं की तीन नको, चार आकडे घ्या, एक साधा आणि बाकीचे तीन आय, जे आणि के यांचे, आणि त्या भरात त्याने चाकूने पुलाच्या दगडावर समीकरण कोरून टाकलं. पण दरपत्रक आठवतंय ना? चौथा आकडा तर घ्यावा लागलाच, वर अजून किंमत ही की आय×जे आणि जे×आय सारखे राहिले नाहीत, एक के आणि दुसरा −के. गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे तोवर कुणी संख्यांच्या बाबतीत खपवून घेतलं नव्हतं.

आणि ही किंमत बिनकामाची नाहीये. समोर एक पुस्तक ठेवा, आधी पुढच्या बाजूला पालथं करा, मग उजवीकडे चतकोर वळवा. आता परत पहिल्यासारखं ठेवून आधी उजवीकडे वळवा आणि मग पुढे पालथं करा. पुस्तक वेगळंच पडतं. तीन मितींमध्ये फिरवण्याचा क्रम महत्त्वाचा असतोच, म्हणजे हॅमिल्टनला जी वस्तू हवी होती तिच्यात क्रम बदलून सारखं उत्तर येणं शक्यच नव्हतं, हे त्याच्या समीकरणांना त्याच्या आधी कळलं. आज व्हिडिओ गेममधला कॅमेरा फिरतो आणि अवकाशयान कुठे तोंड करून आहे ते मोजलं जातं ते याच चार आकडी संख्यांनी. पुढे १८७७ मध्ये फ्रोबेनियसने सिद्धच केलं की असल्या संख्या फक्त एक, दोन किंवा चार आकड्यांच्याच होऊ शकतात. तीनचं दुकान कधीच उघडणार नव्हतं.

आता मला सांगा, माणूस टेलिफोन बनवायला बसतो तेव्हाही अडचणी येतात, पण त्या तांब्याच्या, विजेच्या असतात, बाहेरच्या जगाच्या. हॅमिल्टन कागदावर स्वतःच नियम मांडत होता, बाहेरचं जग मधे कुठेच नव्हतं, तरी समोरून कुणीतरी नाही म्हणत होतं. कोण?

बनवलं म्हणणाऱ्यांचं उत्तर असतं की तुमच्याच आधीच्या नियमांनी नाही म्हटलं, बाकी कुणी नाही. हे उत्तर वाईट नाही. पण मग दुसरी गोष्ट समजावावी लागते की एकमेकांचं तोंडही न बघितलेली माणसं त्याच जागी कशी पोचतात. केरळात माधव नावाचा गणितज्ञ होऊन गेला, १४ व्या शतकातला, त्याची मूळ लिखाणं बरीचशी हरवली पण त्याच्या परंपरेतल्या लोकांनी १५३० च्या आसपास मल्याळममध्ये सगळं कारणमीमांसेसकट लिहून ठेवलं. त्यात हे आहे की १ मधून एक तृतीयांश वजा करा, एक पंचमांश मिळवा, एक सप्तमांश वजा करा, असं करत राहा, तर तुम्ही पायच्या एक चतुर्थांशाकडे जाता. युरोपात हेच ग्रेगरी आणि लायब्निट्सच्या हाती १६७० च्या दशकात आलं. दोघांची भाषा वेगळी, लिहायची पद्धत वेगळी, काम वेगळं, आणि मालिका तीच, एक चिन्ह इकडचं तिकडे नाही.

भूमितीचा किस्सा तर या वादात दोन्ही बाजूंनी वापरता येतो. युक्लिडचं एक गृहीतक होतं, त्याचा अर्थ साधारण असा की रेषेच्या बाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा जाते. दोन हजार वर्षं लोक ते बाकीच्या गृहीतकांतून सिद्ध करायला बघत होते. १८२३ मध्ये हंगेरियन सैन्याधिकारी यानोस बोयाई याने वडलांना पत्र लिहिलं की मी शून्यातून एक नवीन वेगळंच जग निर्माण केलंय, म्हणजे अशी भूमिती जिथे एका बिंदूतून कितीतरी समांतर रेषा जातात आणि तरी कुठे विसंगती येत नाही. निर्माण केलंय हा त्याचा शब्द. वडील स्वतः गणितज्ञ, त्यांनी लगेच कळवलं की बाबा रे लवकर छाप, काही गोष्टींचा मोसम असतो, वसंतात फुलं जशी सगळीकडे एकदम उगवतात तशा त्या ठिकठिकाणी एकाच वेळी निघतात. पोराचं छापून यायला १८३२ उजाडलं, आणि तोवर रशियात कझानला लोबाचेव्स्कीने तीच भूमिती १८२९ मध्ये छापली होती. जर्मन गणितज्ञ गाउस म्हणाला की मी याचं कौतुक केलं तर ते माझंच कौतुक होईल, कारण माझ्याकडेही हेच पडून आहे. म्हणजे पोरगा म्हणतो निर्माण केलं, बाप म्हणतो उगवलं. बापाचं बरोबर ठरलं असं वाटतं मला, पण पोराच्या शब्दातही दम आहे, कारण ते गृहीतक सोडून द्यायची हिंमत कुणीतरी करायला लागतेच, ती रानात उगवत नाही.

सापडलं म्हणणाऱ्यांची पण एक दुखती नस आहे, ती दाबल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. समजा संख्या आपल्या बाहेर खरंच आहेत. कुठे आहेत? वजन नाही, जागा नाही, काळ नाही. मग हाडामांसाच्या मेंदूला त्यांची खबर लागते कशी? झाड दिसतं कारण उजेड झाडावरून डोळ्यात येतो, ७ वरून डोळ्यात काय येतं? बेनासेराफ नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७३ मध्ये हा पेच नीट मांडला आणि समाधान होईल असं उत्तर मी तरी अजून वाचलेलं नाही. गोडेलसारखा मोठा तर्कशास्त्रज्ञ म्हणायचा की आपल्याकडे गणित जाणवायचं एक इंद्रियासारखं काहीतरी आहे. असेल बुवा, त्याच्याकडे नक्की असावं.

मग तिसरा तुकडा, बाहेरच्या जगाशी जमण्याचा. रीमानने १८५४ मध्ये वाकड्यातिकड्या जागांची भूमिती मांडली, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणासाठी नेमकी तीच उचलली. तुमच्या फोनला जागा सांगणाऱ्या उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात आणि ते आइन्स्टाइनच्या हिशोबाने दुरुस्त करावं लागतं, नाहीतर नकाशा दिवसागणिक किलोमीटरच्या किलोमीटर चुकत जाईल. विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० मध्ये यावर लिहिलं की गणित निसर्गात इतकं फिट बसण्याचं काही कारणच दिसत नाही. हार्डी या इंग्लिश गणितज्ञाची तर फजितीच झाली, त्याने १९४० मध्ये अभिमानाने लिहिलं होतं की मूळ संख्यांच्या अभ्यासाचा युद्धात कुणाला उपयोग होईल असं दिसत नाही, आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी त्याच मूळ संख्यांवर गुप्त संदेशांची पद्धत उभी केली.

हे किस्से ऐकून लोक लगेच पहिल्या पार्टीत उडी मारतात, पण इथे मी जरा हात आखडता घेतो. कारण आपण फक्त जमलेल्याच गोष्टी मोजतो. पाण्याचे दोन थेंब एकमेकांना भिडवा, एकच थेंब होतो. म्हणून कुणी १+१=२ चुकलं म्हणतं का? नाही, आपण म्हणतो की इथे बेरीज लावायची नसते. एक लिटर पाणी आणि एक लिटर शुद्ध अल्कोहोल एकत्र करा, दोन लिटरपेक्षा कमी भरतं, तरीही बेरजेवर कुणी केस टाकत नाही. म्हणजे जिथे जमतं तिथे गणिताचं कौतुक आणि जिथे जमत नाही तिथे चूक आपली, असल्या व्यवस्थेत गणित हरणार कधी? शिवाय गणिताच्या जर्नलांत असं ढीगभर पडलंय जे जगात कुठेही लागलेलं नाही, त्याबद्दल कुणी विग्नरसारखं आश्चर्य करत नाही. म्हणून जगाशी जमतं हा मुद्दा मला तितकासा पटत नाही, हॅमिल्टनला कागदावर मिळालेला नकार मला जास्त वजनदार वाटतो.

आणि कुणी म्हणेल की कशाला हा काथ्याकूट, सापडलं काय आणि बनवलं काय, हिशोब तर तोच. बहुतेक वेळा खरंय. पण एक जागा अशी आहे जिथे या प्रश्नावरून कामच बदलतं.

कॅन्टरने १८७४ मध्ये दाखवलं की अनंत पण लहानमोठं असतं. १, २, ३ ही यादी अनंत आहे, पण न संपता चालत राहणारे दशांश अपूर्णांक इतके जास्त आहेत की त्यांची यादीच करता येत नाही. कुणी यादी आणलीच तर पहिल्या संख्येचा पहिला अंक बदला, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं तिरकं खाली जात नवी संख्या बनवा, ती यादीतल्या प्रत्येकीपेक्षा कुठे ना कुठे वेगळी आहे, म्हणजे यादीत नव्हतीच. मग त्याने विचारलं की या दोन अनंतांच्या मधे अजून एखादं अनंत आहे का? त्याला वाटायचं की नाही, पण सिद्ध करता येईना. १९०० मध्ये हिल्बर्टने आपल्या प्रश्नांच्या यादीत हा पहिला टाकला. १९३८ च्या सुमारास गोडेलने दाखवलं की सध्याच्या नियमांनी मधलं अनंत आहे असं सिद्ध होऊ शकत नाही, आणि १९६३ मध्ये पॉल कोहेनने दाखवलं की नाही असंही सिद्ध होऊ शकत नाही (नियमांमध्येच विसंगती नाही एवढं धरून, ते आपण धरतोच).

म्हणजे पटावरच्या पट्ट्यांसारखं नियमांनी इथे हो किंवा नाही म्हटलंच नाही, चक्क हात वर केले. आता काय करायचं? गणित बनवलेलं असेल तर सोपं आहे, ज्याला जे आवडतं ते नियमांत जोडा, दोन गणितं चालवा, एकात मधलं अनंत आहे आणि एकात नाही, जशा दोन भूमिती झाल्या तशा. बरेच गणितज्ञ खरंच असं मानतात आणि सुखात आहेत. पण गोडेलला हे अजिबात मान्य नव्हतं, त्याचं म्हणणं असं की ते अनंत एकतर आहे किंवा नाही, आपले नियमच अपुरे आहेत, अजून चांगले नियम हुडका.

ह्यू वुडिन नावाचा अमेरिकन गणितज्ञ याच कामात आहे. २००० च्या सुमारास तो म्हणत होता की कॅन्टर चुकला, मधलं अनंत असलं पाहिजे, आणि त्याची कारणं छापून मोकळा झाला होता. नंतर त्याने त्याच विषयात अजून खोल खणलं आणि आता तो ज्या नवीन नियमाच्या मागे आहे तो खरा ठरला तर कॅन्टर बरोबर निघतो, म्हणजे गडी आपल्याच आधीच्या मताच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहिलाय. त्या नियमाचं काम अजून पुरं झालेलं नाही.

आता नियम फक्त आवडीने निवडायचे असते तर त्याला बाजू बदलायची गरज काय होती?